आधी स्वतःचा तास ऐका

अहवाल वाचले सगळे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग, चारी ठिकाणांहून आलेले. स्पायरल बाइंडिंग सुरेख, मुखपृष्ठावर शाळेचं बोधचिन्ह रंगीत, आणि ऋणनिर्देश असा ऐसपैस की सासूबाईंपासून शिपाईकाकांपर्यंत कोणी सुटलेलं नाही. विषय मात्र एकाच साच्यातले. 'इयत्ता सहावीच्या विद्यार्थ्यांच्या मराठी वाचनातील त्रुटींवर डिजिटल साधनांच्या वापराचा होणारा परिणाम : एक कृतिसंशोधन.' सहावीच्या जागी सातवी घाला, वाचनाच्या जागी लेखन घाला, झाला पुढचा अहवाल तयार.

मी बोलते ते झोंबेल. झोंबू दे. या गठ्ठ्यात एक अहवाल परळच्या शाळेचा आहे. 'समस्येची संभाव्य कारणे' या मथळ्याखाली त्यात लिहिलंय की पालक ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात, त्यामुळे मुलांच्या वाचनात खंड पडतो. परळला ऊस! कुठे लावलात, के.ई.एम.च्या मागे की भारतमाता सिनेमासमोर? मूळ वाक्य मराठवाड्यातल्या ज्या कोणा शिक्षकाचं असेल, त्याने निदान आपल्या वर्गाकडे बघून ते लिहिलं असेल. तुम्ही ते उचललंत आणि उचलताना वाचलंही नाहीत. तुमच्या वर्गात कोणाचे वडील रात्रपाळीला वॉचमन आहेत, कोणाची आई पोळीभाजीचे डबे करते, कोण घरी मालवणी बोलतं आणि कोण भोजपुरी, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. स्टाफरूममध्ये तासन्‌तास सांगता. मग कागदावर आलात की ती मुलं जातात कुठे?

आकड्यांचंही तेच. पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, सरासरी, स्तंभालेख, 'गृहीतक सिद्ध झाले'. एकाही अहवालात एकही मूल मागे गेलं नाही, जागच्या जागी राहिलं नाही. असा वर्ग मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. लालबागच्या सरांनी, मान खाली घालू नका, तुमच्याबद्दलच बोलतेय, दोन्ही चाचण्यांना उतारा एकच दिला. मधले तीन आठवडे त्याच धड्याची चित्रफीत स्मार्ट बोर्डवर पुनःपुन्हा दाखवली. शेवटी पोरांनी उतारा घडाघडा म्हटला. म्हटला, सर, वाचला नाही. पुस्तक उलटं धरलं असतं तरी म्हटला असता. अनोळखी उतारा पुढे ठेवायचं धाडस का झालं नाही, तेवढं एक पान लिहिलं असतंत तर मी तुमचा अहवाल सगळ्यांत वर ठेवला असता.

आता दादरच्या मॅडम. विषय शुद्धलेखनाचा. मुलांनी आधी वहीत वाक्यं लिहिली, तुम्ही चुका मोजल्यात. मग महिनाभर मोबाइलवर मराठी टाइप करायला लावलंत आणि शेवटची चाचणीही मोबाइलवरच घेतलीत. चुका निम्म्याहून कमी झाल्या. निष्कर्ष काय, तर तंत्रज्ञानामुळे शुद्धलेखन सुधारते.

मॅडम, तो कीबोर्ड स्वतः कधी नीट बघितलात? पोरगं रोमन अक्षरांत पी, ए, एन, आय दाबतं. वरच्या पट्टीत 'पाणी' उभं राहतं, शेजारी 'पानी'. ते पहिल्यावर बोट टेकवतं आणि मोकळं होतं. इथे बाणातला ण हवा की नळातला न, हे त्याला ठाऊक आहे की नाही, ते कळायची वाटच तुम्ही बुजवलीत. 'शाळा' लिहायला एस, एच, ए, एल, ए दाबलं की ळ आपसूक येतो. 'विद्यार्थी'तली वि ऱ्हस्व आणि थी दीर्घ, हे मुलाने ठरवलं नाही, फोनने ठरवलं. माइकचं बटण दाबून बोललं तर बघायलाच नको, तोंडात 'पानी' असलं तरी पडद्यावर 'पाणी' उमटतं. म्हणजे परीक्षा घेतलीत फोनची, गुण दिलेत मुलाला आणि शाबासकी घेतलीत स्वतः.

कीबोर्ड टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. खरा प्रश्न तिथेच बसला होता. पट्टीत तीन शब्द दिसतात तेव्हा मूल कुठला निवडतं, आणि का? पहिला असतो म्हणून, की वाचून? 'दिन' आणि 'दीन' दोन्ही समोर आले तर थबकतं का? महिनाभराने त्याच्या हातात पुन्हा पेन दिलं तर वहीत ण येतो की न? चार मुलांना एकेक करून शेजारी बसवून नुसतं त्यांच्या बोटांकडे बघितलं असतंत, तर स्तंभालेखाची गरज पडली नसती. मराठीचा मास्तर सोडून हे दुसरं कोण बघणार? फोन बनवणाऱ्या कंपनीला लालबागच्या पोराच्या ण-नशी काय देणंघेणं?

आणि आता मुख्य दुखणं. प्रत्येक अहवालात मुलं आहेत, साधन आहे, शिक्षक नाही. 'सदर संशोधकाने' म्हणून कोणी एक वावरतो, तो अध्ययन अनुभव देतो, उपक्रम राबवतो, निरीक्षण नोंदवतो. पण तो वर्गात काय बोलला, किती बोलला, कोणाला बोलू दिलं, याचा पत्ता नाही. अहो, कृतिसंशोधन म्हणजे स्वतःच्या कृतीचं संशोधन. स्टेनहाउसने १९७५ मध्ये हेच मांडलं, की शिक्षकाने आपल्या कामाचा अभ्यास आपण करावा. तुम्ही अभ्यास केलात मुलांचा, तोही दुसऱ्याच्या मुलांचा.

बी.एड्.ला फ्लँडर्स घोकला होतात ना? दहा प्रकार, दर तीन सेकंदांनी एक नोंद. सात प्रकार शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन मुलांच्या बोलण्याचे, एक शांततेचा किंवा गोंधळाचा. त्याचं म्हणणं असं, की वर्गात दोन तृतीयांश वेळ कोणी ना कोणी बोलत असतं आणि त्या बोलण्यातला दोन तृतीयांश वाटा शिक्षकाचा असतो. परीक्षेत सहा गुणांना लिहिलंत आणि विसरलात. पूर्वी यासाठी मागच्या बाकावर निरीक्षक बसवावा लागे, तो बसला की मास्तरही सावध आणि पोरंही. आज ध्वनिमुद्रक तुमच्या खिशात आहे. मुख्याध्यापकांना सांगा, मुलांना सांगा, फोन टेबलावर पालथा ठेवा आणि मराठीचा एक तास मुद्रित करा, बोर्ड लावून. दुसरा करा खडू-फळ्यावर. मग घरी दार लावून ऐका.

ऐकताना पेन घेऊन बसा. पस्तीस मिनिटांच्या तासातली किती मिनिटं केबल जोडण्यात गेली? 'मागे दिसतंय का' किती वेळा विचारलंत? चित्रफितीतली बाई किती बोलली, तुम्ही किती, मुलं किती? मुलांच्या बोलण्यातून 'हो बाई', 'नाही बाई' आणि तुमच्या अर्ध्या वाक्याला जोडलेली शेपटी वजा करा. तुम्ही म्हणता, 'सूर्य पूर्वेला...' आणि सगळा वर्ग ओरडतो, 'उगवतो'. ते मुलांचं बोलणं नव्हे. उरलेल्यात मुलाने स्वतः जुळवलेली पूर्ण वाक्यं किती, आणि ती कोणाची? पहिल्या दोन बाकांवरच्या त्याच तीन-चार जणांची? प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबलात? थांबलातच नाहीत, उत्तरही स्वतःच दिलंत, हे कानांनी ऐकल्याशिवाय पटायचं नाही तुम्हाला. बोर्ड लावलेल्या तासात मुलांची वाक्यं आखूड झाली असं निघालं, तर तसंच लिहा. देणगीदाराच्या नावाची पाटी बोर्डावर असू दे, अहवाल त्याच्यासाठी नाही.

एक गोष्ट मला अजून सलते. २०२० साली शाळा बंद झाल्या. राज्याची 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही मालिका रोज मोबाइलवर येत होती, तुम्हीही व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास धाडत होतात. बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली, घरात एक फोन, तोही वडील कामावरून आल्यावर हाती येणारा. अशा घरांतून मुलांनी धडे वाचून ध्वनिमुद्रणं पाठवली. मागे कुकरची शिट्टी, धाकट्याचं रडणं, आणि त्यातून एक पोर 'क्षितिजा'वर अडखळतंय, पुन्हा मागे येतंय, पुन्हा वाचतंय. एकेका मुलाचं महिन्यामहिन्याचं वाचन, तारखेवार, तुमच्या फोनमध्ये आयतं आलं होतं. आजवर वाचनाच्या संशोधनासाठी लोक याच गोष्टीमागे वर्षं घालवत आले. तुम्ही काय केलंत? अंगठा दाखवलात, आणि 'स्टोरेज फुल्ल' आलं तेव्हा सगळं पुसून टाकलंत.

तुमच्या प्रस्तावनांमध्ये डिसले गुरुजी हटकून येतात. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज, क्यूआर कोड, टाळ्या. पण त्या बक्षिसाच्या वेळी जगभर गेलेली हकिकत सुरू कुठून होते, बघा. सोलापूर जिल्ह्यातली परितेवाडीची शाळा, मुलींची घरची भाषा कन्नड आणि हातातलं पुस्तक वेगळ्या भाषेतलं. प्रश्न आधी आला, कोड मागाहून. तुम्ही कोड घेतलात आणि प्रश्न तिकडेच ठेवून आलात.

लांब सोलापूरला कशाला जाता, नाना चौकात जा. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं ते तिथल्या महापालिकेच्या शाळेत. आज मानखुर्दला इमारत आहे, पण आरंभ त्या वर्गखोल्यांत. विज्ञान शिकवायला निघालेली ही माणसं येऊन ठेपली भाषेपाशी. पोराला विज्ञान कळत नाही की पुस्तकाचं मराठी कळत नाही, हा त्यांना पडलेला प्रश्न. भाषेचा हा अडसर विज्ञानशिक्षणात काय करतो, यावर व्ही. जी. कुलकर्णी आणि व्ही. जी. गंभीर यांनी १९८१ मध्ये लिहिलं. ना टॅब, ना बोर्ड. भौतिकशास्त्राचा माणूस मराठी वाक्याची लांबी बघत बसतो आणि मराठीचा शिक्षक पिक्सेल मोजतो, याला काय म्हणावं!

टॅबवरून आठवलं. २०१५ मध्ये महापालिकेने आठवीच्या मुलांना टॅब दिले, धडे आत भरलेले. २०१८ मध्ये आठवीची पुस्तकंच बदलली. मधल्या तीन वर्षांत मुलं पडद्यावरची कविता कशी वाचत होती, अवघड शब्दाशी थांबत की बोटाने पुढे सरकवत? तुमच्यापैकी जे तेव्हा आठवीला शिकवत होते त्यांच्याकडे याची एक साधी वही आहे? टॅब चांगले की वाईट, यावर मात्र प्रत्येकाचं मत तयार आहे.

वेळ नाही, हे माहीत आहे मला. बीएलओची ड्युटी, ऑनलाइन माहिती भरणं, लिंक, पुन्हा लिंक. ही तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि वरच्यांशी भांडायची वेळ आली तर मी तुमच्या पुढे उभी राहीन. पण साठ पानं टाइप करून घ्यायला वेळ मिळाला ना? ऊसतोड उचलायला मिळाला. मग पस्तीस मिनिटं ऐकायलाही मिळेल.

अजून एक, आणि यात सूट नाही. गिरगावच्या एका अहवालात 'अप्रगत विद्यार्थी' म्हणून मुलांची नावं, हजेरी क्रमांक आणि फोटो छापलेत. तोच फोटो शिक्षकांच्या ग्रुपवरही फिरलाय. तुम्हाला कोणी अधिकार दिला? आठ वर्षांच्या पोरीला वाचता येत नाही हे गावभर सांगण्याचा? पालकांची लेखी परवानगी नसेल तर फोटो नाही, मुद्रण नाही. मुद्रण असलं तरी ते तुमच्या कपाटाबाहेर जाणार नाही. फाडा ती पानं, आत्ता, माझ्यासमोर.

हे सगळे गठ्ठे परत घेऊन जा. पुढच्या महिन्यात येताना बाइंडिंग नको, प्रस्तावना नको, ऋणनिर्देश तर अजिबात नको. एका तासाची नोंद हाताने लिहून आणा, चार पानं पुरेत. मुलांना क, ख, ग म्हणा. कोण किती बोललं, साधन केव्हा उपयोगी पडलं, केव्हा आड आलं, आणि त्यानंतरच्या तासाला तुम्ही स्वतः काय वेगळं केलंत. लालबागच्या सरांनी अनोळखी उतारा घ्यायचा. दादरच्या मॅडमनी मुलांच्या हातात पेन द्यायचं. परळच्यांनी आधी पालकसभेला बसायचं.