मागणे

आमच्या वळ गावात पूर्वी भाताची खाचरे होती. आज भिवंडीभोवतालच्या इतर गावांप्रमाणे येथेही गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. माझ्या घरामागच्या खोलीत नगरकडचे एक ख्रिस्ती कुटुंब भाड्याने राहते. नवरा गोदामात हमाली करतो. रात्री जेवणे आटोपली की बाई मोठ्याने प्रार्थना करते, आणि भिंतीपलीकडून ती मला ऐकू येते.

आरंभी मला तिची गंमत वाटे. विश्वाच्या स्वामीपाशी ही बाई मागते काय, तर मुलाची फी, नवऱ्याची पाठ, नळाचे पाणी! निष्काम भक्ती श्रेष्ठ, असे ऐकत मी वाढलेला. हे मागणे मला फार खुजे वाटे.

मग एका गोदामात कारकुनाची जागा निघाली. माझ्या मुलाने अर्ज केला, तिच्याही मुलाने केला. निष्काम भक्तीचा मी एवढा अभिमानी. पण त्या आठवड्यात गावदेवीला खणानारळाचा नवस बोलून आलो. जागा माझ्या मुलाला मिळाली. नवस फेडला, पण मन प्रसन्न होईना. जागा एक आणि मागणारे दोन. मग माझ्यावरची कृपा ती तिच्यावरची अवकृपाच की नाही?

ती मात्र हसतमुखाने आली. म्हणाली, "दादा, पोराचं चांगलं झालं."

मी धीर करून विचारले, "पण तुम्ही तर रोज मागत होता."

"मागू नको तर मनात ठिवून काय करू? बापाला सांगितलं की हलकं वाटतं. द्यायचं का नाही, ते त्याचं."

या उत्तराने मला विचारात पाडले. पित्याला तुमची गरज मागण्याआधीच ठाऊक असते, असे ख्रिस्ताने शिष्यांना सांगितले. आणि लगेच त्यांना रोजची भाकर मागायलाही शिकवले. ठाऊकच आहे तर सांगायचे कशाला? पण मूल 'आई, भूक लागली' म्हणते ते काही आईला बातमी देण्यासाठी नव्हे. मागण्यात नाते असते. स्वतः ख्रिस्ताने गेथशेमाने बागेत मरण टळावे म्हणून विनवले आणि निर्णय पित्यावर सोपवला. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा राहिला. मागणे नाकारले गेले, नाते तुटले नाही.

माझ्या नवसात अट होती. तू हे दे, मी ते देईन. अट आली की देवाचा दुकानदार होतो. असले सौदे ख्रिस्ती घरांतही होत असतील, आणि आमच्याकडेही काही न ठरवता हात जोडणारे पुष्कळ आहेत. दोष धर्माचा नव्हे, अटीचा.

आणखी एक गोष्ट. त्या प्रार्थनेत भाकर मागायची ती 'माझी' नव्हे, 'आमची'. या एका सर्वनामात माझ्या कोड्याचे अर्धे उत्तर आहे. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली केडगावला आणल्या. त्यांच्यासाठी त्या देवापाशी धान्य मागत, पाणी मागत. पण मागून स्वस्थ बसल्या नाहीत. विहिरी खणवल्या, शेती केली, छापखाना चालवला. 'आमची' म्हणणाऱ्याला हात बांधून बसता येत नाही.

उरलेले अर्धे कोडे मला सुटलेले नाही. एका जागेसाठी दोन आया मागतात, तेव्हा देव काय करतो, हे मी सांगू शकत नाही. पण त्या रात्री मी प्रथमच कसलीही अट न घालता मागितले, आणि तेही तिच्या मुलासाठी. मागून झाल्यावर ध्यानात आले की पलीकडच्या गोदामाचा मालक माझ्या ओळखीचा आहे, आणि इतके दिवस ही ओळख मी फक्त माझ्याच मुलासाठी जपून ठेवली होती. सकाळी चहा न घेताच मी त्याच्याकडे निघालो.