बालाघाटातील वाटा, रेल्वे आणि यात्रेचे पुण्य

धाराशिव जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटाच्या पठारावर आहे आणि हे पठार पाण्याचे दोन वाटे करते. मांजरा आणि तेरणा गोदावरीला जाऊन मिळतात. नळदुर्गच्या किल्ल्यातून वाहणारी बोरी आणि मुरुम-उमरगा भागातली बेन्नीतुरा यांचे पाणी भीमेमार्गे कृष्णेला जाते. यात्रेकरूंच्या वाटाही इथे अशाच चहूकडे फुटतात. मुरुमहून तुळजापूर वायव्येला, पंढरपूर पश्चिमेला, अक्कलकोट आणि गाणगापूर भीमेच्या अंगाला, तर बसवकल्याण पूर्वेला. कर्नाटकाच्या सीमेला खेटून असलेल्या मुरुम गावात मराठी आणि कन्नड दोन्ही कानांवर पडतात आणि वारकरी, देवीभक्त, लिंगायत अशी घरे शेजारी शेजारी नांदतात. म्हणून यात्रेविषयीचा एक जुना प्रश्न इथे पोथीपुरता राहत नाही. पुण्य चालण्यात आहे की पोहोचण्यात? आणि चालण्यात असेल, तर गाडीने जाणाऱ्याच्या पदरात काय पडते?

या मुलखातल्या वाटा मुळात देवासाठी पडलेल्या नाहीत. तेरणेकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या अंतरावर हे नगर सांगितले आहे आणि इथले कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जात असल्याची नोंद आहे. व्यापारामागोमाग धर्म आला. तेरचे त्रिविक्रम मंदिर विटांचे आणि मागच्या बाजूला अर्धवर्तुळाकार आहे; ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अभ्यासक मानतात. त्याच गावात पुढे संत गोरा कुंभार झाले. धाराशिवजवळची लेणीही एकाहून अधिक पंथांच्या हातांतून गेलेली आहेत. नळदुर्गला आदिलशाहीने बोरीचे पाणी अडवून पाणीमहाल उभारला. निजामाच्या राज्यात जिल्ह्याचे ठाणे आधी नळदुर्गला होते, ते १९०४ मध्ये धाराशिवला हलले. वस्त्या अशा पाण्याच्या, बाजाराच्या आणि सत्तेच्या आधाराने बसत आणि उठत गेल्या. यात्रेकरू त्याच वाटांनी चालत राहिले.

रेल्वेचेही तसेच झाले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. बार्शीची बाजारपेठ मुख्य लोहमार्गाला जोडणे हा तिचा हेतू होता. पण १९०६ मध्ये तिचा एक फाटा पंढरपूरला पोहोचला आणि १९११ मध्ये दुसरे टोक येडशी, ढोकी, मुरुड करत लातूरला गेले. मराठवाड्यातला शेतकरी आता आषाढीला गाडीत बसून पंढरपूरला जाऊ शकत होता. दक्षिणेकडे सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या मोठ्या मार्गावर अक्कलकोट आणि गाणगापूर यांच्या नावाची स्थानके होती. दोन्ही क्षेत्रांपासून ती दूर, त्यामुळे उतरल्यावर पुढची मजल उरतच असे. मुरुमला मात्र रूळ कधीच आले नाहीत.

पायी जावे की वाहनाने, हा प्रश्न शास्त्रांनी रेल्वेच्या शेकडो वर्षे आधी हाताळलेला आहे. मत्स्यपुराणातल्या प्रयागमाहात्म्यात स्पष्ट बजावले आहे की ऐश्वर्यामुळे, लोभाने किंवा मोहाने जो वाहनात बसून तीर्थाला जातो, त्याची यात्रा निष्फळ होते. सोळाव्या शतकात मूळ पैठणच्या घराण्यातल्या नारायणभट्टांनी काशीत ‘त्रिस्थलीसेतु’ हा तीर्थविधींवरचा मोठा ग्रंथ लिहिला आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीही धर्मशास्त्राच्या इतिहासात तीर्थयात्रेचे नियम सविस्तर तपासले आहेत. मत्स्यपुराणातल्या वचनाचा नेहमीचा अर्थ ‘वाहन वर्ज्य’ एवढाच घेतला जातो. तो अपुरा आहे. वचनातच कारण दिलेले आहे आणि ते कारण चाकाचे नाही, मनाचे आहे. पैशाच्या जोरावर कष्ट दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणे, पालखीत बसून श्रीमंती मिरवणे आणि वर पुण्यही मागणे, याला तो निषेध आहे. मालक आणि मजूर जिथे एकाच लाकडी बाकावर दाटीवाटीने बसत, त्या तिसऱ्या वर्गाच्या डब्याला तो जसाच्या तसा लावता येत नाही.

महाभारताच्या वनपर्वातले तीर्थयात्रेचे प्रकरण तर याहून पुढे जाते. यज्ञाला सामग्री लागते, माणसे लागतात, धन लागते. तो राजांना परवडतो. गरिबालाही साधेल आणि यज्ञाचे फळ देईल असे साधन म्हणून तिथे तीर्थयात्रा सांगितली आहे. हात, पाय आणि मन ज्याच्या ताब्यात आहेत त्याला ते फळ मिळते, अशी अटही जोडली आहे. हे मान्य केले तर स्वस्त तिकीट यात्रेच्या मूळ हेतूच्या आड येत नाही. तो हेतूच ते पुढे नेते.

याच्या अगदी उलट भूमिका महात्मा गांधींनी १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज’ मध्ये मांडली. रेल्वेमुळे प्लेग पसरला, धान्य बाहेर गेले, आणि तीर्थक्षेत्रे अपवित्र झाली, असे ते लिहितात. पूर्वी जायला इतके कष्ट पडत की बहुधा खरे भक्तच जात, आता लबाडही सहज पोहोचतात. गांधींचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. साथीच्या रोगांची भीती त्या काळी खरी होती, आणि जत्रेच्या दिवसांत यात्रेकरूंना मालडब्यांत कोंबून नेण्याचा प्रकार देशातल्या अनेक रेल्वेंवर चाले. पण त्यांच्या युक्तिवादाचा गाभा तपासला तर तो टिकत नाही. कष्टाची चाळणी भक्ती गाळून घेत नाही. ती अंगातले बळ आणि हाताशी असलेली सवड गाळून घेते. पेरणी सोडून पंधरा-वीस दिवस ज्याला निघता येत नाही तो सालगडी, गुडघे गेलेली म्हातारी, तान्हे मूल कडेवर असलेली बाई, ही माणसे त्या चाळणीत अडकत होती. लबाडाचे पाय मात्र पूर्वीही धडधाकट असू शकत होते.

तरीही रेल्वेने काही हिरावून घेतलेच. पायी जाणाऱ्याला वाटेतली गावे भेटतात. कोणाच्या ओसरीवर मुक्काम पडतो, कोणी भाकरी-पिठले वाढते, कोणाच्या विहिरीवर अंघोळ होते. वाढणाऱ्यालाही यात्रेचा वाटा मिळतो, ही आपल्याकडची समजूत फार खोल आहे. गाडी ही गावे मागे टाकते. क्षेत्राचे आणि त्यांचे नाते सुटते. पुण्याचा हिशेब मांडायचाच असेल तर इथे मांडावा. जाणाऱ्याचे पुण्य कमी होत नाही, वाटेवरच्यांचा वाटा मात्र बुडतो.

मराठी आणि कन्नड संतांनी प्रश्नाची बैठकच बदलली. कुर्डुवाडी-पंढरपूर मार्गावरच्या मोडनिंबपासून जवळच अरण हे संत सावता माळी यांचे गाव. ते मळ्यातले काम सोडून पंढरपूरला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्या भेटीला आला, अशी परंपरा आहे. आजही पंढरपूरहून विठ्ठलाची पालखी अरणला जाते. बाराव्या शतकात बसवकल्याणला महात्मा बसवेश्वरांनी देहालाच देऊळ मानले आणि स्थावरापेक्षा जंगमाला, म्हणजे उभ्या वास्तूपेक्षा चालत्या-बोलत्या जीवनाला मान दिला. गळ्यात इष्टलिंग असलेल्याला देवासाठी कुठे जायचे उरत नाही. मुरुम भागातल्या लिंगायत घरांत ही शिकवण अंगवळणी पडलेली आहे, तरी तीच माणसे तुळजापूरलाही जातात. यात विसंगती शोधण्याची घाई करू नये. देव घरात असूनही माणूस माणसांना भेटायला निघतो, आणि जत्रा ही तशी भेट असते.

या भागातले देवही एका जागी बसून नाहीत. नळदुर्गाजवळ अणदूर आणि मैलारपूर इथे खंडोबाची दोन देवळे आहेत, पण मूर्ती एकच. वर्षातले सव्वादहा महिने ती अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात असते. न्यायच्या वेळी दोन्ही गावचे मानकरी एकत्र येतात, देव परत पोहोचवण्याचा लेखी करार होतो, आणि मगच पालखी हलते. पौष पौर्णिमेला मैलारपूरची मोठी यात्रा भरते. तुळजापूरची भवानीही चल मूर्ती आहे. दसऱ्याच्या पहाटे तिला सिंहासनावरून उचलून पालखीत ठेवतात, मंदिराला प्रदक्षिणा होते आणि मग आश्विन पौर्णिमेपर्यंत ती पलंगावर श्रमनिद्रा घेते. त्यासाठीचा पलंग आणि पालखी नगरकडून माणसांच्या खांद्यावर, गावोगावी थांबत येतात. पायी चालण्याचा अर्थ इथे नीट दिसतो. खांदा देणारा स्वतःसाठी काही मिळवायला निघालेला नसतो. वाटेवरच्या प्रत्येक गावाला देवीच्या सोहळ्यात हात लावू देणे, हे त्या चालण्याचे काम असते. हे काम मोटारीने किंवा मालगाडीने होणार नाही, कारण त्यात पोहोचवायची वस्तू पलंग ही नाहीच.

धाराशिव शहराला रेल्वे मिळाली ती बार्शी लाइटचे रुंदीकरण होऊन मार्ग वळवला गेला तेव्हा, २००७-०८ च्या सुमारास. आता सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या सुमारे ८४ किलोमीटरच्या नव्या मार्गाचे काम हाती घेतलेले आहे. तो पुरा झाला की तुळजापूर प्रथमच रेल्वेच्या नकाशावर येईल. त्यामुळे पायी यात्रा संपेल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. सोलापूर ते तुळजापूर हे सुमारे ४५ किलोमीटरचे अंतर एसटीने कित्येक वर्षांपासून सहज कापता येते, तरी आश्विन पौर्णिमेला सोलापूरकडून आणि कर्नाटकातून माणसे रात्रभर चालत येतात आणि रस्त्याच्या कडेला लोक त्यांना चहा, फराळ, पाणी देतात. ज्यांना चालायचे आहे ते वाहन असूनही चालतात. ज्यांना चालवत नाही त्यांना गाडी लागते, आणि त्यांचे दर्शन उणे धरण्याचा अधिकार कोणाला नाही. मुरुमच्या भक्ताला या नव्या मार्गाचा फारसा उपयोग नाही. त्याला येणेगूर, जळकोट, नळदुर्ग असाच सडकेने तुळजापूरचा रस्ता धरावा लागेल.