कापलेले पान

दिवाळीच्या साफसफाईत घरातल्या हरवलेल्या वस्तू सापडतात, तशी कधीकधी आपली विसरलेली पापेही सापडतात. यंदा माळ्यावरची जुनी पेटी झाडताना चार घड्या पडलेला एक रंगीत नकाशा माझ्या हाती आला. वयाच्या बाराव्या वर्षी गावच्या वाचनालयातल्या एका प्रवासवर्णनातून, वडिलांच्या दाढीच्या पात्याने, मी तो कापून घेतला होता. त्या पुस्तकाला माझ्याखेरीज कुणी हात लावत नसे. नकाशा गेला म्हणून कुणाचे अडले नाही. कुणी चौकशीही केली नाही. मग ज्या वस्तूची उणीव कुणालाच भासली नाही, तिची चोरी ही खरोखर चोरी म्हणायची काय?

प्रश्न पोरकट वाटेल. पण पोक्त माणसेही त्यात सापडली आहेत. ८ जून २००५ रोजी अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या दुर्मिळ ग्रंथांच्या ग्रंथालयात जमिनीवर पडलेले एक धारदार पाते तिथल्या कर्मचारी बाईंच्या नजरेस पडले. संशय आला तो एडवर्ड फोर्ब्स स्मायली या गृहस्थावर. हा जुन्या नकाशांचा नामांकित व्यापारी. त्याच्याजवळ कापलेले नकाशे निघाले. पुढे त्याने सहा संस्थांतून सत्त्याण्णव नकाशे चोरल्याची कबुली दिली. त्यांत न्यूयॉर्कचे सार्वजनिक ग्रंथालय होते, तसेच लंडनचे ब्रिटिश ग्रंथालयही होते. किंमत सुमारे तीस लाख डॉलर. २००६ साली त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली.

यातली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की यांतले कित्येक नकाशे गेल्याचे ग्रंथालयांना त्याच्या कबुलीनंतरच कळले! जुन्या ग्रंथात बांधलेल्या प्रत्येक नकाशाची स्वतंत्र नोंद असतेच असे नाही. आणि एकाच ठशाच्या अनेक प्रती जगात असल्याने, कडा छाटलेला नकाशा कुठला, हे ओळखणेही कठीण. म्हणजे माझ्या बाराव्या वर्षीची सबब त्यालाही देता आली असती: ‘कुणाला पत्ताही नव्हता.’

पण ही सबबच गुन्ह्याचे खरे रूप उघडे करते. शेजाऱ्याचा तांब्या चोरला, तर शेजारी निदान ओरडतो. ग्रंथालयातले पान ज्याचे असते, तो वाचक पुष्कळदा जन्मालाही आलेला नसतो. ज्याला ओरडता येत नाही त्याला लुबाडणे हे कमी पाप कसे? शिवाय स्मायलीपुढे ग्रंथ ठेवले गेले ते त्याच्या विद्वत्तेवरील विश्वासाने. चोरलेले नकाशे ज्यांनी सरळ मनाने विकत घेतले होते, त्यांना ते परत करावे लागले. मोडला तो विश्वास. आणि त्याची किंमत पुढच्या प्रत्येक प्रामाणिक अभ्यासकाला झडतीच्या रूपाने मोजावी लागते.

कुणी म्हणेल, नकाशे तरी कुठे निष्पाप असतात? खरे आहे. त्या दिवशी स्मायलीजवळ सापडलेल्यांत जॉन स्मिथचा न्यू इंग्लंडचा नकाशा होता. स्मिथने १६१४ साली तो किनारा पाहिला, आणि नकाशा राजपुत्र चार्ल्सपुढे ठेवून तिथली मूळ नावे बदलून घेतली. त्याने ज्याला ॲकोमॅक म्हटले होते, त्याचे ‘प्लिमथ’ झाले. तेही इंग्रज १६२० साली तिथे वसतीला येण्यापूर्वी! जमीन घेण्याआधी नाव घेतले. मग चोरीच्या मालाची चोरी झाली, तर एवढे हळहळायचे कशाला?

या युक्तिवादाने क्षणभर मीही सुखावलो होतो. पण स्मिथचे १६१६ सालचे पुस्तक पाहिले की तो गळून पडतो. पुस्तक नावे बदलण्यापूर्वीच छापून झाले होते. म्हणून त्यात जुनी नावे व नवी नावे यांची एक यादी जोडावी लागली. नकाशावर नवे नाव, यादीत जुने. दोन्ही एकत्र असली, तरच कुणाचे काय पुसले गेले हे कळते. नकाशा कापून चौकटीत लावला, की दिवाणखान्याची शोभा तेवढी उरते; साक्ष नाहीशी होते. पहिल्या अन्यायाचा पुरावा नष्ट करून दुसरा अन्याय न्याय ठरत नाही.

मला त्या नकाशाचे वेड होते, एवढेच माझे समर्थन. स्मायलीलाही नकाशांची जाण होती, बहुधा मायाही असेल. परंतु जे आवडते ते दुसऱ्यालाही दिसावे, असे ज्या प्रेमाला वाटत नाही, त्याला हाव म्हणणेच बरे.

गेल्या आठवड्यात तो नकाशा घेऊन मी गावी गेलो. वाचनालयाचे नाव अजून आहे. जुनी कपाटे मात्र वाळवीने केव्हाच संपवली. त्या पुस्तकाची आठवणही कुणाला नव्हती. माझ्या नातवाने सहज विचारले, ‘मग आजोबा, आता हे आपलेच ना?’

मी त्याला ‘हो’ म्हणू शकलो नाही. नकाशा वाचनालयाच्या टेबलावर ठेवला, आणि तिथल्या नोंदवहीत, देणगीदार म्हणून नव्हे, माझे नाव लिहून आलो.