वाडवडिलांचा शब्द

पूर्वजांनी दिलेला शब्द वंशजांवर बंधनकारक असतो काय? पारगडाच्या पायऱ्या चढताना हा प्रश्न आमच्या मनात आला आणि गड उतरल्यावरही सुटला नाही.

चंदगड तालुक्याच्या टोकाला, गोव्याच्या सीमेकडे हा गड आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हा तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. त्यामुळे आपल्या जुन्या घराण्यांना तो परका नाही. शिवछत्रपतींनी १६७६ च्या सुमारास हा गड वसविला आणि सिंहगडावर कामी आलेल्या तानाजींचे पुत्र रायबा मालुसरे यांस किल्लेदारी दिली, असे परंपरा सांगते. चंद्रसूर्य असेतो गड जागता ठेवावा, ही आज्ञा मानून त्या शिबंदीचे वंशज आजही तेथे नांदतात. कितीतरी गड ओस पडले. येथे मात्र सांजवात लागते.

भवानीमातेचे दर्शन घेऊन आम्ही एका घराच्या सोप्यात टेकलो. गडावरील शांततेची, वाऱ्याची आम्ही मनापासून स्तुती केली. वृद्ध यजमानांनी ती ऐकून घेतली आणि सौम्यपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही सांजेला खाली जाणार, म्हणून तुम्हांला गड गोड वाटतो." त्यांची मुले मुंबईला असतात, उत्सवाला तेवढी येतात.

आम्ही ओशाळलो. इटलीतही सिव्हिता दि बान्योरेज्जो नावाचे कड्यावरचे एक प्राचीन गाव आहे. कडे ढासळत गेले, माणसे निघून गेली, मोजकीच उरली. २०१३ पासून तेथे प्रवेशासाठी तिकीट घेतात. पाहुण्यांच्या पैशाने गावाला आधार मिळाला खरा. परंतु पाहण्यासाठी राखलेले गाव आणि राहण्यासाठी राखलेले गाव यांत अंतर आहे.

शब्दाला दोन बाजू असतात. शिबंदीने गड राखावा, राज्याने तिला दाणागोटा पुरवावा. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली, तेव्हा हक्कांबरोबर चाकरीही संपली. कायद्याला जे उमगले ते आपल्याला उमगत नाही. हक्क सरले तरी इतरांची निष्ठा मात्र आपल्याला हवी असते. एका बाजूने सुटलेला आणि दुसऱ्या बाजूकडून मागितलेला शब्द म्हणजे वेठ होय. गडावर वस्ती राहावी असे वाटणाऱ्यांनी तेथील शाळेची, औषधपाण्याची आणि रोजगाराचीही चिंता वाहिली पाहिजे.

बेळगाव-निपाणीकडील आपणही एक शब्द सांभाळत आलो आहोत : घरात मराठी राखण्याचा. पोटासाठी दूर गेलेल्या मुलांच्या घरी ती क्षीण झाली की आपण त्यांना बोल लावतो. त्यांच्या हाती मराठी पुस्तक किती वेळा ठेवले, हे मात्र स्वतःला विचारत नाही. आमच्या मते वारसा कर्जासारखा वसूल करता येत नाही. नाकारण्याची मोकळीक असेल तरच स्वीकाराला मोल येते.

निघताना आम्ही यजमानांना मुलांविषयी पुन्हा विचारले. त्यांनी तक्रार केली नाही. पावसाळ्याआधी सगळ्या घराची कौले चाळून घेतो, मुलांच्या खोलीचीही, एवढेच म्हणाले.