कबुली कोणापाशी?



वारीला निघण्याआधी मी धाकट्या भावाकडे जाऊन येतो, तसा यंदाही गेलो. त्याची नात वैमानिक होण्याचे शिक्षण घेते. ती घरी आली होती, पण गप्प गप्प. विचारले तर म्हणाली, “आबा, माझ्या हातून विमान आपटलं.”

विमान लहान, चार माणसांचे, सेसना १७२. एकटीने उडवण्याची तिची तिसरी वेळ. असे विमान उतरताना साधारण ६५ नॉट, म्हणजे ताशी १२० किलोमीटर वेगाने धावपट्टीकडे येते. जमीन जवळ आली की नाक हळूच वर धरायचे. वेग मरत जातो आणि मागची दोन चाके आधी टेकतात. पुढचे चाक नाजूक, ते सर्वांत शेवटी. तिचा वेग जास्त राहिला, पुढचे चाक आधी आपटले आणि विमान चेंडूसारखे उसळले. अशा वेळी इंजिनाला पूर्ण ताकद देऊन पुन्हा वर जायचे, फेरी मारून नव्याने यायचे, हे शिकवलेले असते. पण तिला वाटले, आता उतरलोच आहोत, दाबले की बसेल. तिने नाक खाली दाबले. दुसरी उसळी पहिलीहून मोठी, तिसरी त्याहून मोठी. मग कसेबसे थांबले.

तिला खरचटलेही नव्हते. विमान आपल्या चाकांवर चालत जागेवर आले. पंखा शाबूत, चाके शाबूत. प्रशिक्षक त्या वेळी दुसऱ्या विद्यार्थ्याबरोबर आकाशात होते. अर्ध्या तासाने तेच विमान घेऊन तिची मैत्रीण उडणार होती.

“आबा, मी विमानाजवळ नुसती उभी राहिले. पांडुरंगाला हात जोडले, चुकले म्हणाले. खूप हलकं वाटलं. मग लक्षात आलं, देवाला सांगितलं, पण हिला कुठे सांगितलंय?”

तिने जाऊन सांगितले. इंजिनिअरने झाकण काढून पाहिले. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या ज्या पत्र्याला पुढच्या चाकाचा दांडा धरलेला असतो, त्याला सुरकुती पडली होती. बाहेरून काहीच दिसत नव्हते. विमान दुरुस्तीला गेले, तिची एकटीची उड्डाणे थांबली, बरोबरीची मुले पुढे गेली. घरात त्याचेच दुःख चालले होते. तिची आई तर म्हणाली, “बोलली नसतीस तर काय बिघडलं असतं?”

मी मात्र त्या पोरीच्या एका वाक्यावर अडकलो. काकड्यापासून हरिपाठापर्यंत आपण रोज स्वतःला पतित म्हणतो, अपराधी म्हणतो. टाळाच्या ठेक्यावर, शंभर कंठांत म्हणतो. त्याची लाज वाटत नाही; उलट डोळे भरून आले तर बरेच वाटते. संतांनी ते म्हटले ते खरेच होते. शंका आहे ती माझ्याबद्दल. माणसापाशी बोलायला लागू नये म्हणून तर मी देवापाशी बोलत नाही ना? कोणी म्हणेल, देवाला सांगितले म्हणजे सर्वांना पोचले. मला हे पटत नाही. तो सर्वांभूती असेल तर त्या मैत्रिणीतही तोच उभा आहे, आणि तिथे त्याला अजून कोणी काही सांगितलेले नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या दिंडीची भिशी माझ्याकडे होती. नातेपुत्याला उरलेली भाजी मी दुसऱ्या दिवशी माळशिरसला गरम करून वाढली. तिला वास येत होता, तो मला आला होता. रात्री आठ-दहा जणांना उलट्या-जुलाब झाले. कोणीतरी टँकरच्या पाण्याचे नाव घेतले, मी मान डोलावली. पुढच्या वर्षी त्या टँकरवाल्याला बोलावले नाही. एका म्हाताऱ्या वारकऱ्याला वेळापूरहून घरी न्यावे लागले. त्यांची वारी पंढरीला पोचली नाही. मी पोचलो. महाद्वारात नाक घासले, भरपूर रडलो, हलका होऊन घरी आलो.

ते आता नाहीत. त्यांचा मुलगा आमच्याच दिंडीत माझ्या मागच्या ओळीत चालतो आणि रोज सकाळी माझ्या पाया पडतो. माळशिरसच्या मुक्कामी त्याला बाजूला घेऊन बसायचे मी ठरवले आहे. नातीला यातले काही बोललो नाही. हे लिहितो आहे तेव्हा पालखीचे प्रस्थान व्हायचे आहे, माळशिरस अजून लांब आहे.