पाण्याची किंमत ठाऊक असलेला पाहुणा

एप्रिल 2016मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन निघालेली ‘जलदूत’ रेल्वे कुर्डुवाडी, बार्शी करत आपल्या येडशीवरूनच पुढे गेली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी होत्या, पाणी 5 लाख लिटर. नंतर 50 वाघिणींची गाडी सुरू झाली आणि खेप 25 लाख लिटरवर गेली. 2011च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या 3 लाख 82 हजार होती. म्हणजे एका भरल्या गाडीतून माणशी जेमतेम साडेसहा लिटर पाणी. पाणवठ्यांवर त्या उन्हाळ्यात जमावबंदी लावावी लागली होती. आता याच पट्ट्यातल्या माणसांना दुबईची सहल परवडू लागली आहे. पाच दिवसांचं पॅकेज, पाम जुमेराहवरचं आलिशान हॉटेल, खोलीत पांढराशुभ्र टब. हा टब एकदा भरायला सहज दीडशे लिटर पाणी लागतं. जलदूत गाडीच्या मापाने तो 23 माणसांचा वाटा होतो.

या हिशेबावरून कुणी दुबईला जाऊच नये, असं मला म्हणायचं नाही. पिढ्यानपिढ्या काटकसर केलेल्या घरातल्या माणसाने चार दिवस सुखात काढले, तर त्यात कुणाच्या डोळ्यांत खुपण्यासारखं काही नाही. प्रश्न आहे तो अशा हॉटेलात सुख कसं मांडलेलं असतं याचा. त्यामागचं पाणी, वीज आणि माणसांचे कष्ट पाहुण्याच्या नजरेआड ठेवायचे, हीच तिथली सेवा. म्हणून ज्याला या गोष्टींची किंमत ठाऊक आहे, त्याने ती मुद्दाम नजरेसमोर आणायला हवी. आपल्या भागातल्या पाहुण्यावर ही जबाबदारी जरा जास्तच येते.

दुबईत वर्षाचा पाऊस साधारण 100 मिलिमीटरच्याही आतच असतो. शहराचं पिण्याचं पाणी जवळजवळ सगळं समुद्राचं, जेबेल अलीच्या कारखान्यांत गोडं केलेलं. यावर कुणी म्हणेल, समुद्र कधी आटतो का? तिथे कुणाच्या तोंडचं पाणी पळवलं जात नाही! हा मुद्दा वजनदार आहे. पण खारं पाणी गोडं होतं ते इंधन जाळून. आजच्या चांगल्या पद्धतीतही हजार लिटरमागे तीन-चार युनिट वीज जाते, जुन्या उष्णतेच्या पद्धतीत त्याहून बरीच जास्त. शिवाय उरलेलं अतिखारट पाणी परत त्याच उथळ आखातात सोडलं जातं. शेजारच्या विहिरीऐवजी हा बोजा हवेवर आणि समुद्रावर पडतो, आणि तो कुणाच्याच बिलात लिहिलेला नसतो.

माणसांचा हिशेब याहून अवघड. संयुक्त अरब अमिरातीत 35 लाखांहून अधिक भारतीय राहतात. खोल्या आवरणारे, बांधकामावर राबणारे, टॅक्सी चालवणारे कित्येक जण आपल्याच देशातले. 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला तिथे कायद्याने बंदी आहे. कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेणंही बेकायदा आहे. हे नियम चांगलेच आहेत, पण असे नियम का करावे लागले, हेही त्यांतून कळतं. ‘आपण गेलो नाही तर त्यांचा रोजगार जाईल’ हे म्हणणं खरं आहे. गावाकडच्या अनेक घरांची चूल त्या पगारावर पेटते. मात्र रोजगार दिला म्हणजे माणसाकडे पाहण्याचं कर्तव्य संपलं, असं होत नाही. टॉवेल रोज बदलून घेणं, ताटात अर्धं अन्न टाकून उठणं, चादरी घडी करणाऱ्याशी एक शब्दही न बोलणं या गोष्टी पैसे भरले म्हणून निर्दोष ठरत नाहीत.

‘एका टबाने काय फरक पडतो?’ हा युक्तिवाद त्याच दुष्काळात आयपीएलच्या निमित्तानेही झाला होता. मैदानांसाठी शुद्ध केलेलं सांडपाणी वापरू, असं आयोजक सांगत होते. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितलं. मैदानावरच्या पाण्याने लातूरची तहान भागणार नव्हती, हे उघड होतं. पण लोक घागरी घेऊन रांगेत असताना हिरवळीवर फवारे उडावेत का, हा प्रश्न लिटरने मोजता येत नाही. मला तो निर्णय तेव्हाही योग्य वाटला, आजही वाटतो.

सर्वांत टोचणारा आक्षेप मात्र वेगळाच आहे. दुबईला बोल लावणारे आपण कोण? तिथे सांडपाणी शुद्ध करून झाडांना घालतात, आपण ते ओढ्यात सोडतो. तिथल्यापेक्षा कितीतरी पट पाऊस आपल्याकडे पडतो, तरी आपण पाटाने ऊस भिजवतो आणि बोअर आणखी खोल नेतो. यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही. तीच फूटपट्टी इथेही लागते. येडशीजवळच्या रामलिंगच्या घाटात पावसाळ्यात धबधबा पाहायला गर्दी लोटते, ती पाहून या भागात उद्या तरणतलावांचे रिसॉर्ट उभे राहिले, तर त्यांचं पाणी कुठल्या बोअरचं आणि उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीला काय उरतं, हे खोली आरक्षित करण्याआधी विचारायला हवं. दुबईच्या हॉटेलला विचारण्यापेक्षा हे सोपंही आहे, कारण इथला मालक ओळखीचा असतो आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं.