रोप कोणाच्या हवाली?

फळाची आशा धरू नये, हे आम्ही ४० वर्षे कीर्तनातून सांगत आलो. त्या सांगण्यात केवढी पळवाट आहे, हे मात्र आम्हांस भीमाकाठच्या एका शेतकऱ्याने दाखविले.

झाले असे. नदीकाठच्या एका गावी आषाढात सप्ताह होता. समाप्तीच्या दिवशी पात्रालगतच्या गाळाच्या जमिनीत वीतभर उंचीची ५१ रोपे लावली. नारळ फुटला, फोटो निघाले, प्रसाद झाला. पुढे १९८० साली पुरे झालेले ते उजनी धरण त्या वर्षी भरले, वरून पाणी सोडले, आणि ती जमीन आठ दिवस पाण्याखाली गेली. कार्तिकात पाहतो तो एकही रोप उभे नाही. आम्ही म्हणालो, "लावणे आपल्या हाती, जगवणे देवाच्या." तो गृहस्थ शांतपणे म्हणाला, "बुवा, पूर काय नवा हाय व्हय? श्रावण-भादव्यात हितं पाणी येतंच की."

हे आम्हांस लागले. वाचकहो, मत्स्यपुराणाने एक वृक्ष दहा पुत्रांच्या तोलाचा मानला आहे. पुराच्या वाटेत पोर ठेवून "आम्ही फलाशा सोडली" असे कोणता बाप म्हणेल? खड्डा खणून निघून जाणे म्हणजे कर्म पुरे झाले असे नव्हे. मग आशा कशाची सोडली? सोडले ते कामच!

पुढे त्याच्याकडून आणि थोडे वाचून जे कळले ते सांगतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीतल्या हवेवर मूळ श्वास घेते. पुरात ती पोकळी पाण्याने भरते, आणि पाण्यातून प्राणवायू हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश सरकतो. मूळ गुदमरले की पाणी ओढेनासे होते. म्हणजे रोप पाण्यात उभे राहून तहानेने सुकते. (न्याय-व्याकरण शिकलो, पण हे साठीनंतर कळले.) शेंडा पाण्यावर राहिला तर जीव तग धरतो, पाने बुडून त्यांवर गाळ बसला की संपले. म्हणून तेथे वीतभर रोप नको, माणसाच्या उंचीचे हवे. लावायचे ते पूर ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास. मग मुळांना पुढच्या पुरापर्यंत सुमारे दहा महिने मिळतात. काळ्या मातीतल्या खड्ड्याचा पावसात हौद होतो, तेव्हा उंचवटा करून लावावे. करंज, अर्जुन, जांभूळ, वाळुंज ही काठाचीच झाडे. वाळुंज तर बुडालेल्या खोडालाही नवी मुळे फोडते. आणि माघापासून मृगापर्यंत पाणी घालावे लागते, शेळ्या राखाव्या लागतात. तेव्हा फोटो काढायला कोणी येत नाही.

कोणी म्हणेल, इतका हिशेब आला की आसक्ती आलीच. येते, खरेच येते. एवढे करूनही काठ खचला, नदीने नेले, तर आशा सोडावीच लागेल. पण हात राबल्यावर ती सोडणे फार जड जाते. ती ५१ रोपे गेली तेव्हा आमच्या डोळ्यांत टिपूस आले नव्हते. त्याला आम्ही वैराग्य समजत होतो!

गेल्या दसऱ्याला त्याच जागी अकराच लावली. चार उन्हाळ्यात गेली, सात आहेत. भादवा अजून यायचा आहे.